जुन्या देवनागरी छपाईवरून अंगात घालायचं जॅकेट डिझाइन करायचंय, कोणता फॉन्ट वापरू?

फॉन्ट शेवटी. आधी तुमचं जॅकेट शिळाप्रेसचं (दगडावरून छापणारं) आहे की खिळ्यांचं (धातूची सुटी अक्षरं जुळवून छापणारं), ते ठरवा. मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. तिथे मजकूर हाताने लिहायचा, त्यामुळे शिरोरेषा सलग. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची रेघ डोक्यावर घेऊन येतं आणि जुळारी ते तुकडे शेजारीशेजारी लावतो. खिळे झिजले की दोन रेघांमध्ये केसाएवढी फट दिसते. जुनं पुस्तक भिंगाखाली धरा, सापडेल.

ही फट मला अजून सलते. पदविकेच्या शेवटच्या वर्षी मी नेमकं असंच जॅकेट केलं होतं. मांजरपाटाचे ३४ तुकडे, क ते ळ, प्रत्येकावर लाकडी ठशाने एकेक व्यंजन. ठसा खिळ्यासारखाच उलटा कोरलेला. शिलाईसाठी कडेला १ सेंमी सोडला होता आणि रेघ शिलाईच्या १ मिमी अलीकडे थांबवली होती. म्हणजे तुकडे जोडल्यावर दोन अक्षरांत बरोबर २ मिमीची फट. दीड महिना गेला त्यात. काही ठशांची रेघ जाड आली म्हणून ते पुन्हा कोरले.

परीक्षणाच्या आदल्या दिवशी मार्गदर्शक म्हणाले, "रेघ जुळत नाहीये. सफाई नाही. वरून पायपिंग लाव." मी रात्रभर बसून काळी पट्टी हाताने टाचली. ध आणि भ यांची रेघ तर मुळातच तुटकी असते, त्यांच्यावरूनही ती पट्टी गेली. गुण चांगले पडले. माझे मामा आयुष्यभर खिळे जुळवत होते. प्रदर्शनात त्यांनी त्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही रेघ ऑफसेटची ना?" ऑफसेटच्या छपाईत खिळे नसतात, म्हणून सांधाही नसतो.

म्हणून सांगतो, अक्षर म्हणजे नक्षी नव्हे. छातीवर मोठा 'अ' छापला की छपाईचा इतिहास झाला, असं समजणारे शिक्षक तुम्हालाही भेटतील. त्यांचं ऐकू नका. इतिहास शिवणीत यायला हवा: एक तुकडा म्हणजे एक खिळा, आणि सांधा दिसलाच पाहिजे. ज्याला तो दोष वाटतो त्याने छापखाना पाहिलेला नाही.

फॉन्टचं म्हणाल तर संगणकावरच्या फॉन्टात रेघा मुद्दाम एकमेकींवर चढवलेल्या असतात, सांधा दिसूच नये म्हणून. त्यापेक्षा जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचं एखादं जुनं पुस्तक मिळवा, पान स्कॅन करून मोठं करा आणि त्यावरून ठसे कोरून घ्या.

हो, मांजरपाट आधी धुऊन खळ काढा, नाहीतर रंग बसत नाही आणि नंतर कापड आटून सगळे सांधे ओढले जातात. इतक्या शिवणींनी जॅकेट जड होतं, अस्तर पातळच घ्या. रोज वापरायचं असेल तर ३४ तुकड्यांचा हट्ट नको, फक्त पाठीवर एक ओळ करा.

आणि कोणी रेघ जोडायला सांगितली, तर जुन्या पुस्तकाचं पान आणि भिंग त्यांच्यापुढे ठेवा. माझं पान त्या दिवशी पिशवीतच होतं, मी ते बाहेर काढलं नाही.