डबा परत येतो तेव्हा

मुलगी अकरावीत आहे. डबा तसाच परत आणते, अर्धी पोळी चिवडत बसते. पण आम्हाला आग्रहाने वाढते आणि रात्री पाककृतींचे व्हिडिओ बघते. सासूबाई म्हणतात, नखरे आहेत. (एक आई, मुलुंड)

नखरे नाहीत, ताई. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. तेही पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, ताटातलं जेवण चिवडत लांबवू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. उपाशी मेंदू असाच वागतो.

मन आणि भूक सांभाळणारं सेरोटोनिन हे रसायन शरीर ट्रिप्टोफॅन या प्रथिनांतल्या घटकापासून बनवतं. हा घटक डाळ, दूध, दाणे अशा अन्नातूनच मिळतो. खाणं आटलं की कच्चा मालही आटतो. काही संशोधकांच्या मते, मुळातच फार धास्ती घेणाऱ्या मुलींना सेरोटोनिनची ही घट सुरुवातीला शांत करते, म्हणून उपाशी राहिलं की बरं वाटतं आणि ताट समोर आलं की जीव घाबरतो. तुमच्या लेकीला ‘एवढंच खा ना’ ऐकताना काय होत असेल, बघा.

अन्न हेच पहिलं औषध. वजन भरलं की आक्रसलेला मेंदूही बऱ्याच अंशी भरून येतो. पण फार दिवसांच्या उपाशी शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर, मग आग्रह. पाळी थांबली असेल तर तेही सांगा.

मी भरपूर खाते आणि मग उलटी काढते. डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन दिलं. मला डिप्रेशन नाही, मग हे का? (विद्यार्थिनी, गिरगाव)

हे औषध नैराश्यासोबत बुलिमियासाठीही आहे, म्हणजे भरपूर खाऊन मग उलटी काढण्याच्या आजारासाठी. अमेरिकेत 1996 मध्ये त्याला तशी मान्यता मिळाली. डोस बहुधा 60 मिलिग्रॅमपर्यंत जातो, नैराश्याला सहसा 20 पुरतात. सोबत समुपदेशन हवंच. आणि एक कळकळीने सांगते: वारंवार उलट्यांनी पोटॅशियम घसरतं, हृदयाचे ठोके बिघडतात. छातीत धडधडलं, चक्कर आली तर लोकल पकडून घरी जाऊ नका, सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

रक्त तपासून सेरोटोनिन कळतं का? (दादर)

मेंदूतलं नाही. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं. त्या पैशांत पोटॅशियम, फॉस्फेट आणि ईसीजी करून घ्या.