राऊतवाडीचा धबधबा उन्हाळ्यात का आटतो?

प्रश्न : जुलैमध्ये राधानगरी तालुक्यातील राऊतवाडीचा धबधबा डोळे भरून पाहिला. मार्चमध्ये पाहुण्यांना घेऊन गेलो, तर कातळ कोरडा होता. असे का होते? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाहुण्यांसमोर झालेली आपली निराशा समजू शकते. हा प्रवाह बारमाही नदीचा नव्हे, तर सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या नैर्ऋत्य मोसमी पावसाचा आहे. आपल्या पश्चिम भागातील अनेक पठारांवर सच्छिद्र जांभा असून त्याखाली घट्ट काळा कातळ आहे. त्यामुळे मुरलेले पाणी कातळाच्या वरच्या बाजूने झिरपत ओढ्यात येते आणि पाऊस उघडल्यावरही धार काही काळ टिकते. साठा मात्र मर्यादित असल्याने उन्हाळ्यापर्यंत तो पुरत नाही.

हेच कारण पावसाळ्यात जिवावर बेतू शकते, हे मी आग्रहाने सांगेन. आपण उभे असतो तेथे ऊन असले, तरी माथ्यावर सर कोसळली की ओढा अचानक फुगतो. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागले, त्यातून पालापाचोळा आणि काटक्या वाहत आल्या, तर क्षणही न दवडता मुलाबाळांसह काठावर यावे. शेवाळलेल्या दगडावर तर पाऊलच ठेवू नये.