पेडल स्टील गिटार घेताना किती पेडल आणि किती लिव्हर असावेत?

कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवणाऱ्या आपल्याला माझा आग्रहाचा सल्ला असा की, ई नाइन्थ ट्यूनिंगचे (म्हणजे तारा ई नाइन्थ या कॉर्डच्या स्वरांत लावलेले), 10 तारांचे, 3 पेडल आणि गुडघ्याने हलवायचे 4 लिव्हर असलेले वाद्य घ्यावे. पहिले पेडल 5वी व 10वी तार बी वरून सी शार्पवर नेते, दुसरे 3री व 6वी तार जी शार्पवरून ए वर. दोन्ही एकत्र दाबल्यास बार (तारांवर सरकवायची धातूची कांडी) जागचा न हलवता ई मेजरचा ए मेजर होतो आणि या वाद्याचा प्राण तेथेच आहे. 4थी व 8वी तार अर्धा स्वर चढवणारा आणि उतरवणारा, हे दोन लिव्हर अजिबात वगळू नयेत. एमन्स की डे (बडी एमन्स व जिमी डे या वादकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेडलांच्या दोन मांडण्या), हा भेद मुख्यतः पेडलांच्या उलट क्रमाचा असल्याने घोट्याला सोपे जाईल ते निवडावे. जुने वाद्य असल्यास उलटे करून खालच्या ओढदांड्या (पेडल व लिव्हरचा ओढा तारांपर्यंत नेणाऱ्या सळ्या) सरकवता येतात का, हे अवश्य पाहावे.