‘श्यामची आई’ पुन्हा वाचताना तिचाच राग येतोय

“लहानपणी जीव लावलेलं पुस्तक आता खुपतंय. माझंच काही चुकतंय का?” वेगवेगळ्या पुस्तकांबद्दल हा प्रश्न पालक मला विचारतात. त्यातला हा एक अनुभव, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

चाळिशीतल्या एक बाई मुलाच्या अभ्यासाबद्दल बोलायला आल्या होत्या. बोलता बोलता कळलं, की रोज झोपताना त्या मुलाला ‘श्यामची आई’तली एक ‘रात्र’ वाचून दाखवतात. पोहण्याच्या गोष्टीपाशी अडलं. श्याम भीतीनं लपून बसतो, आई त्याला शोधून शिंपटीनं मारते. मुलानं विचारलं, “मग तिनं सॉरी म्हटलं?” बाईंना उत्तर देता येईना.

“मॅडम, मुलावर ओरडले की इतकी वर्षं मला वाटायचं, मी श्यामच्या आईसारखी नाही. आता तिचाच राग येतोय. पुस्तक माझ्या आईनं दिलेलं. तिच्याशी बेइमानी केल्यासारखं वाटतं.”

पुढच्या वेळी मी त्यांना पुस्तकच घेऊन यायला सांगितलं. ‘अळणी भाजी’ आम्ही मिळून वाचली. वडील आणि मुलं बिनमिठाची भाजी निमूट खातात. आईला ते कळतं ती जेवायला बसल्यावर, सगळ्यांच्या मागून. बाई थांबल्या. “ती शेवटी जेवते, हे मला कधी दिसलंच नव्हतं.”

ते दिसणं म्हणजे बेइमानी नव्हे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आई १९१७ मध्येच गेली होती आणि शेवटची भेट झाली नव्हती. आईला मुकलेल्या मुलाची ही आठवण आहे; रोज स्वतःला मोजून बघण्याची पट्टी नाही. तिच्या दमणुकीबद्दल, चिडण्याबद्दल आई स्वतः काय म्हणाली असती, ते त्यात येणार तरी कुठून?

मग ‘देवाला सारी प्रिय’ काढलं. अस्पृश्य मानलेल्या म्हातारीची मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते, आणि घरी येऊन आंघोळही करायला सांगते. आईनं जिथवर आणून सोडलं, तिथं गुरुजी थांबले नाहीत. १९४७ मध्ये विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून ते पंढरपुरात उपोषणाला बसले. आईवरची भक्ती मात्र तसूभरही कमी झाली नाही. मला या पुस्तकाचं हेच सर्वांत मोलाचं वाटतं, आणि बाईंनाही मी तेच सांगितलं: आईवर प्रेम करत तिच्या पुढे जाता येतं.

मुलाला काय सांगायचं, यावर माझं मत ठाम आहे. गोष्ट गाळू नका. मारणं चूक होतं, हे स्वच्छ सांगा. मुलाच्या अंगावरचे वळ पाहून तिचे डोळे भरून आले, हेही सांगा. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दोन्ही गोष्टी पेलतात.

बाईंनी तसंच सांगितलं. मुलाचा पुढचा प्रश्न होता, “आजी तुला मारायची?” त्याचं उत्तर त्यांनी खरं दिलं. स्वतःच्या आईशी मात्र त्या अजून बोललेल्या नाहीत. सध्या आमचं बोलणं त्यावरच चालू आहे.