वाचक विचारतात: खिडक्या इतक्या उंच कशाला?

प्रश्न: मुलीकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला दोन महिने राहून आलो. नातीचा मराठीचा वर्ग दर शनिवारी एका बॅप्टिस्ट चर्चच्या मागच्या लाल विटांच्या हॉलमध्ये भरतो. दारावर दगडात ‘स्कूल रूम’ असं कोरलंय. खिडक्या एवढ्या उंच की मलाही बाहेरचं काही दिसेना. चर्चला शाळा कशाला हवी, आणि खिडक्या अशा का?
— एक निवृत्त ओव्हरसिअर, सातारा

उत्तर: ओव्हरसिअर साहेब, नोकरी सुटली तरी नजर जात नाही बघा! खिडक्यांचं कारण सरळ आहे, पोरांनी बाहेर बघत बसू नये. शिवाय उजेड वरून आला की खोलीत लांबपर्यंत पोचतो आणि खालची भिंत नकाशे, अक्षरांचे तक्ते लावायला मोकळी राहते.

आता शाळा कशाला. कारखान्यात राबणाऱ्या पोरांना सुट्टी फक्त रविवारी, म्हणून १७८० मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने रविवारच्या शाळा सुरू केल्या आणि १७८५ मध्ये विल्यम फॉक्स नावाच्या लंडनच्या बॅप्टिस्ट व्यापाऱ्याने त्या देशभर काढायला सोसायटीच स्थापन केली. बॅप्टिस्ट हा ख्रिश्चनांचा एक प्रोटेस्टंट पंथ, हे लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, माणसाने मोठं होऊन, समजून उमजून स्वतः ठरवायचं, मग पाण्यात पूर्ण बुडी. समजायचं तर बायबल वाचता यायला हवं ना? गंमत म्हणजे वाचायला शिकवणं सगळ्यांना मान्य, पण रविवारी लिहायला शिकवायचं की नाही यावर वाद व्हायचे, कारण लिहिणं म्हणजे काम आणि रविवारी काम वर्ज्य! बऱ्याच ठिकाणी मग आठवड्याची शाळाही याच खोलीत भरायची, १८७० च्या कायद्याने सरकारी बोर्डाच्या शाळा आल्या तशा त्या हळूहळू कमी झाल्या, खोली राहिली.

बांधकाम बघाल तर काटकसर जागोजागी. वर लाकडी कैच्या (छप्पर तोलणाऱ्या तिकोनी चौकटी) उघड्याच, छत लपवायला खर्च नाही, आढ्यावर हवा जायला छोटा झरोका (ओल्या कपड्यातली शंभर पोरं एका खोलीत, विचार करा), भिंतीला कमरेपर्यंत लाकडी फळ्या म्हणजे बाकांनी गिलावा उडत नाही. मुलामुलींची दारं वेगळी. आणि बाहेर पायाजवळ एक सोडून चार-पाच कोनशिला, प्रत्येकीवर वेगळं नाव, कारण दगड बसवायचा मान वर्गणी देणाऱ्याला, आपल्याकडे देवळाच्या पायरीवर ‘अमक्याच्या स्मरणार्थ’ फरशी असते ना, अगदी तसंच.

जागा नसेल तिथे शाळा चर्चच्या खाली. लंडनमधलं मेट्रोपॉलिटन टॅबर्नॅकल (१८६१), म्हणजे स्पर्जन या नावाजलेल्या बॅप्टिस्ट पाद्र्याचं चर्च, तसंच, १८९८ च्या आगीत वरचं सगळं गेलं, पुढचे खांब आणि तळघर मात्र टिकलं. अमेरिकेत याच्या पुढची उडी, ओहायोमधल्या ॲक्रनच्या एका चर्चमध्ये लुइस मिलर (एडिसनचा सासरा) याने अर्धगोलात छोटे वर्ग आणि मध्ये मुख्य शिक्षकाचं टेबल अशी रचना आणली, दारं सरकवली की सगळे वर्ग एकदम समोर. ते चर्च मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचं, पण बॅप्टिस्टांनीही आयडिया बिनधास्त उचलली. माझ्या मते दिसायला भारी, पण शेजारच्या वर्गाचा गलका कोण थांबवणार?

आणि तुमच्या नातीला एक सांगा. त्याच लेस्टरमध्ये १७८९ ते १७९३ विल्यम केरी नावाचा बॅप्टिस्ट पाद्री होता, त्याआधी मोल्टन गावात शाळा घ्यायचा आणि पोटासाठी चांभारकी करायचा. तोच पुढे बंगालात श्रीरामपूरला गेला आणि तिथून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश, तोही मोडीत!

पुढच्या वेळी गेलात की हॉलच्या मध्यावर जमिनीत लोखंडी पट्टीची खाच आहे का बघा. असली तर तिथे सरकतं पार्टिशन होतं, मोठी पोरं एकीकडे, बारकी दुसरीकडे. फोटो काढलात तर छताचाही पाठवा.