मुलगी नववीत जाणार आहे (न्यू जर्सी). चांगल्या कॉलेजसाठी किती एपी घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून येऊन वर्षच झालंय, शाळेत वीसहून जास्त एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय आहेत आणि ओळखीतले सगळे 'बारा तरी हवेतच' म्हणतात. तो आकडा आधी डोक्यातून काढून टाका. माझी दोन्ही मुलं इथल्याच पब्लिक हायस्कूलमधून शिकली, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे दहावीनंतर एकदा सायन्स-कॉमर्स ठरलं की विषय ठरले. इथे शाखा नाही. दर वर्षी प्रत्येक विषयाची पातळी निवडायची. तुमच्या शाळेकडून कॉलेजला गुणपत्रकासोबत शाळेची माहितीही जाते: कोणते एपी, ऑनर्स (नेहमीच्या वर्गापेक्षा अवघड पातळीचे वर्ग) उपलब्ध आहेत वगैरे. शाळेच्या काउन्सेलरला (विषयनिवड आणि कॉलेज प्रवेशाबद्दल मार्गदर्शन करणाऱ्याला) कॉलेजच्या फॉर्मवर लिहावं लागतं की या मुलीने *याच शाळेत* मिळणाऱ्या विषयांतले किती अवघड घेतले. त्यामुळे तीनच एपी असलेल्या शाळेतली मुलगी मागे पडत नाही. पण वीस असताना सगळं सोपंच घेतलं, तर तेही दिसतं.

आत्ता खरा विचार गणिताचा करा. क्रम असा: अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. टप्पे पाच आणि वर्षं चार. आठवीत अल्जिब्रा १ झालं असेल तर नववीत जॉमेट्री आणि बारावीत कॅल्क्युलस, आपोआप. झालं नसेल तर मध्ये कधीतरी दोन विषय एका वर्षात किंवा एक उन्हाळ्यात करावा लागतो. इंजिनिअरिंगकडे कल असेल तर हे महत्त्वाचं आहे. एमआयटी कॅल्क्युलसपर्यंतचं गणित आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी प्रत्येकी एक वर्ष सुचवते. पण पुण्यात बीजगणित बऱ्यापैकी झालंय म्हणून घाईने वरच्या वर्गात ढकलू नका. अल्जिब्रा २ कच्चं राहिलं की पुढे कॅल्क्युलसमध्ये मुलं रडकुंडीला येतात, हे मी जवळून पाहिलंय.

दुसरी गोष्ट कळकळीने सांगते: परकीय भाषा सोडू देऊ नका. आपल्या घरांमधून हे सर्रास होतं, दोन वर्षं स्पॅनिश केलं की त्या जागी आणखी एक सायन्स. हार्वर्ड एकाच भाषेची चार वर्षं सुचवतं. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-समाजशास्त्र आणि भाषा हे पाच विषय चारही वर्षं टिकवले आणि दर वर्षी थोडे अवघड होत गेले, तर माझ्या मते तिचं गुणपत्रक बारा एपी गोळा केलेल्या मुलापेक्षा भक्कम दिसेल.

नववीत एपी नसला तरी काही बिघडत नाही. दहावीत एक घेऊन बघा. तो झेपला, तर अकरावीत तिला आवडणाऱ्या विषयांतले दोन-तीन. एपीच्या परीक्षा मे महिन्यात एकापाठोपाठ येतात, त्याच सुमारास सॅट ही कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षाही असते, त्यामुळे अकरावीचं वर्ष सगळ्यात जड जातं. एका अवघड विषयात बी ग्रेड आली तर घाबरू नका. तीन विषय एकदम घसरले आणि मुलगी रात्री एकपर्यंत जागायला लागली, तर मात्र विषय कमी करा. बारावी सैल सोडायची नाही, कारण सहामाही गुण कॉलेजला जातात आणि गुण फारच घसरले तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांचा सल्ला जरा तपासून घ्या. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया सरासरीत फक्त दहावी-अकरावीचे ग्रेड धरते, आणि एपी-ऑनर्सचा जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरपुरताच देते. तुमच्या शाळेची सरासरी काढायची पद्धत वेगळी असेल.

नववीच्या विषयनिवडीच्या फॉर्मवर सही करण्याआधी काउन्सेलरला भेटा. मुलीची गणिताची पातळी कशावरून ठरवली, पुढच्या कोणत्या एपीसाठी नववीतच काय घ्यावं लागतं आणि सप्टेंबरमध्ये झेपलं नाही तर वर्ग बदलायची शेवटची तारीख कोणती, हे तिन्ही विचारा. मुलीलाही सोबत न्या.