चहाचं फडताळ : वाचकांचे प्रश्न

घरी आम्ही चौघं. दुधाचा चहा रोजचाच, पण आल्यागेल्याला ‘दार्जिलिंग घेणार की ग्रीन टी?’ असं विचारता यावं अशी हौस आहे. एकदम दहा-बारा डबे भरून ठेवावेत का? (लातूर)

ठेवा, पण मग वर्षाने त्यातल्या आठ डब्यांत वाळलेला पाला निघेल. आधी हिशेब करू. दुधाच्या चहाला कपामागे अडीच ग्रॅम पत्ती, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. चौघांचे दिवसाला आठ कप धरले तर वीस ग्रॅम, महिन्याला सहाशे. पाहुणे धरून पाऊण किलो. एका वेळी महिन्याची, फार तर दोन महिन्यांची पत्ती आणावी. पाच किलोच्या पिशवीत जे पैसे वाचतात, ते शेवटच्या दोन किलोंच्या चवीतून वसूल होतात.

हौसेच्या चहाचं गणित याच्या उलट. कोऱ्या चहाला कपाला दोन ग्रॅम पुरतात, म्हणजे पन्नास ग्रॅमचे पंचवीस कप. आठवड्याला एकच कप प्यायलात तर ते पाकीट सहा महिने चालतं, आणि ग्रीन टी तोवर उतरलेला असतो. म्हणून हौसेचे चहा पंचवीस-पन्नास ग्रॅमच्या वर घेऊच नयेत.

सुरुवातीला पाच डबे खूप झाले. पहिला रोजचा, आसामच्या सीटीसी पत्तीचा (दातेरी रुळांत चिरडून गोल दाणे केलेली पत्ती). तीन भाग दाणेदार आणि एक भाग डस्ट, म्हणजे भुकटीसारखी बारीक पत्ती, असं घरीच मिसळा. डस्ट पटकन रंग आणि कडकपणा सोडते, दाणा चव देतो. नुसती डस्ट पाच मिनिटं उकळली की चहा जिभेला ओढतो. दुसरा डबा दार्जिलिंगचा. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल ही पहिली तोड : रंग फिका, वास फुलांचा, आणि शिळी व्हायला घाई. मे-जूनची दुसरी तोड अंगाने भरलेली असते, तिला मस्कट द्राक्षासारखा वास येतो आणि ती टिकतेही जास्त. नवख्याने दुसरीच घ्यावी, आणि कृपा करून तिच्यात दूध ओतू नये. ‘दार्जिलिंग’ या नावाला 2004 साली देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं. पाकिटावर चहा मंडळाचं बोधचिन्ह बघून घ्या. सुट्या पोत्यातल्या दार्जिलिंगवर आमचा तरी भरवसा नाही. तिसरा डबा निलगिरीचा. हा चहा गार केला तरी गढूळ होत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात लिंबू घालून गार प्यायला याच्यासारखा दुसरा नाही. चौथा कांगड्याचा ग्रीन टी. पाचवा डबा विकत आणायचा नाही, त्याचं पुढे येतंच आहे.

कोरा चहा केला की वर तेलासारखा तवंग येतो आणि कपाला काळपट कडा बसते. पत्तीत भेसळ असेल का? (बीड)

पत्तीचा दोष नाही, पाण्याचा आहे. कप खिडकीशी नेऊन तिरका धरा : तवंग चमचमतो, आणि चमच्याने ढकलला की बर्फाच्या पापुद्र्यासारखे त्याचे तुकडे होतात. तेल असं तुटत नाही. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियमचा क्षार, पत्तीतला तुरट अंश आणि हवा, या तिघांची मिळून ही साय बनते. लिंबाचे चार थेंब टाकले की बरीचशी जाते. दुधाच्या चहात ती डोळ्यांना दिसत नाही, पण चहा बोथट लागतो. मग आपण पत्ती वाढवतो आणि खर्चही वाढतो.

उपाय दोन. बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, झाकून तासभर निवू द्या आणि तळाचा पांढरा साका न हलवता वरचं पाणी काढून घ्या. काही क्षार उकळून खाली बसतात, काही बसत नाहीत. ज्यांच्या बोअरला दुसऱ्या प्रकारचे क्षार जास्त, त्यांना याने थोडाच फरक पडेल. दुसरा उपाय जारच्या किंवा आरओच्या पाण्याचा. पण नुसत्या आरओच्या पाण्यातला चहा पोकळ लागतो, कारण त्यात क्षार जवळपास उरतच नाहीत. चहाला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शंभर-दीडशेच्या आसपास बरा. आरओचा चाळीस आणि बोअरचा नऊशे असेल, तर सात पेले आरओत एक पेला बोअरचं पाणी घातल्यावर आकडा दीडशेच्या जवळ येतो. बोअरचं पाणी पिण्यायोग्य असल्याची तपासणी मात्र झालेली हवी. ज्यांच्या नळाला जायकवाडीसारखं धरणाचं पाणी येतं, त्यांनी हा खटाटोप करण्याआधी त्याच पाण्यात एक कप करून बघावा.

पारख करायची तर एकच पत्ती तीन पाण्यांत टाका : दीडशे मिली पाण्याला अडीच ग्रॅम, चार मिनिटं, झाकून. पांढऱ्या कपांत शेजारी-शेजारी ठेवा. जड पाण्यातला चहा तपकिरी आणि मंद दिसतो, हलक्या पाण्यातला लालसर आणि चकचकीत. पत्तीवर जास्त पैसे घालण्याआधी हा प्रयोग करा.

मे महिन्यात आमच्याकडे घरातही अंग भाजतं. चहा फ्रीजमध्ये ठेवावा का? (परभणी)

नको. थंड डबा बाहेर काढून उघडला की हवेतलं बाष्प पत्तीवर बसतं. दिवसातून चार वेळा असं झालं की आठवड्यात पत्ती मऊ पडते. शिवाय फ्रीजमधल्या लसणाचा आणि कालच्या पिठल्याचा वास ती ओढून घेते, तो वेगळाच. वास ओढण्यात चहाचा हात कुणी धरणार नाही. म्हणून काळा मसाला, उदबत्ती आणि साबण यांच्या शेजारी त्याला कधी ठेवू नये.

घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आत पाकीट तसंच दुमडून चिमटा लावलेलं, आणि जागा आतल्या खोलीतल्या फडताळाचा सर्वांत खालचा कप्पा. गॅसच्या वरची फळी, फ्रीजची टप आणि पत्र्याखालचा माळा या तिन्ही जागा वाईट. काचेच्या बरण्या दिसतात छान, पण उजेडाने चहा फिका पडतो. रोज उघडायचा डबा आठवड्यापुरता छोटा ठेवा, बाकीचा हलवू नका. प्रत्येक डब्यावर उघडल्याची तारीख चिकटवा. उघडलेला ग्रीन टी आणि दार्जिलिंगची पहिली तोड दोन-तीन महिन्यांत संपवा. सीटीसी चारेक महिने तग धरते.

पत्ती चांगली आहे का हे बोटांना कळतं. लांब पानाचा चहा चिमटीत दाबला की कट्‌कन मोडला पाहिजे. नुसता वाकला तर ओल शिरली. बुरशीचा वास असेल तर फेकून द्या. नुसता शिळा झालेला ग्रीन टी कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवत तपकिरी होईपर्यंत भाजा. जपानी लोक असा भाजका चहा मुद्दाम करून पितात. जेवणावर बरा लागतो.

पाकिटावर बीओपी, बीपी, पीडी असं लिहिलेलं असतं. यातलं भारी कोणतं? (छत्रपती संभाजीनगर)

ही अक्षरं दाण्याचा आकार सांगतात, दर्जा नाही. बीपी हा दाणा, पीडी त्याहून बारीक, डी म्हणजे डस्ट. दाणा बारीक तितका त्याचा रंग-चव पाण्यात लवकर उतरते आणि चहा कमी उकळावा लागतो.

गुळाचा चहा हमखास फाटतो. (अंबाजोगाई)

गूळ थोडा आंबट असतो, आणि उकळत्या दुधाला तेवढं निमित्त पुरतं. पावसाळ्यात पाझरलेला गूळ आंबायला लागलेला असतो, तो तर नक्की फाडतो. दोन कपांसाठी सव्वा कप पाण्यात ठेचलेलं आलं टाकून दोन मिनिटं उकळा, मग दोन चमचे पत्ती टाकून आणखी दोन. आलं कच्चं असताना दुधात पडलं तर त्यातला पाचक रसही दूध नासवतो, म्हणून ते आधी पाण्यातच शिजू द्यायचं. गॅस बंद करा, किसलेला गूळ विरघळवा, गाळा. वेगळं तापवलेलं पाऊण कप दूध शेवटी वरून ओता आणि परत गॅसवर चढवू नका. कपात जरा कोमट वाटेल, म्हणून कप आधी गरम पाण्याने विसळून घ्या.

ग्रीन टी कडू होतो. (हिंगोली)

पाणी फार गरम पडतंय. तीन कप उकळत्या पाण्यात एक कप माठातलं पाणी घाला, ऐंशी अंशांच्या आसपास येतं. पत्ती त्यात दोन मिनिटंच, मग गाळून घ्या. तीच पत्ती दुसऱ्यांदाही चालते.

अंबाडीच्या लाल बोंडांचा चहा होतो म्हणतात. खरं का? (नांदेड)

होतो, आणि पाचवा डबा तोच. पण बोंडं लाल अंबाडीचीच हवीत. भाजीच्या दुसऱ्या अंबाडीला अशी मांसल लाल पाकळी धरत नाही. दिवाळीच्या पुढेमागे बोंडं भरली की मधली हिरवी बी काढून फक्त लाल पाकळ्या सोला. पातळ कापडाखाली सावलीत वाळवा. किलोभर पाकळ्यांचं जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम उरतं. हाताला कुरकुरीत लागल्याशिवाय डब्यात भरू नका, चामट राहिली तर बुरशी ठरलेली. कपाला दोन ग्रॅम, उकळतं पाणी, पाच मिनिटं, आणि चवीला गूळ. दूध मुळीच नाही. अॅल्युमिनियमचं किंवा लोखंडाचं भांडंही नको, आंबटपणा धातूला लागतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या, कारण याने दाब थोडा उतरतो.

सुट्या पत्तीतला रंग घरी कसा ओळखावा? (धाराशिव)

गाळणकागदावर चिमूटभर पत्ती पसरा, पाणी शिंपडून कागद भिजवा, पत्ती झटका आणि कागद नळाखाली धुऊन उजेडात धरा. डाग राहिले तर रंग दिलेला आहे. लोखंडाच्या किसासाठी पत्तीवरून लोहचुंबक फिरवा. सीटीसीच्या दातेरी रुळांची झीज म्हणून एखादा कण लागेल. चुंबकाला काळी मिशी फुटली, तर पत्ती दुकानदाराला परत करा.